सुबाभळीचा खुराक

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये घोडीचे पुष्कळ फोटो आहेत, पण घोडीची शेपटी त्यातल्या एकाच फोटोत दिसते. त्याला कारण मी आहे. खरं म्हणजे कारण सुबाभूळ आहे, पण झाडाला कुणी जाब विचारत नाही, म्हणून गेली कित्येक वर्षं तो मलाच विचारला जातो.

ऐंशी सालच्या पुढेमागची गोष्ट. मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि सातपूरच्या अलीकडे आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. घर म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि चारी बाजूंनी वारा. कुंपण नव्हतं. आजूबाजूच्या मळ्यांतल्या शेळ्या आमच्या अंगणातून अशा ये-जा करायच्या की जणू प्लॉट त्यांचा आहे आणि आम्ही पाहुणे म्हणून राहिलो आहोत. आईची तुळस त्यांनी दोनदा खाल्ली. अशात शिक्षकांच्या एका शिबिरात मी सुबाभळीवरचं भाषण ऐकलं. चारा म्हणा, सरपण म्हणा, खत म्हणा, सावली म्हणा, कुंपण म्हणा, सगळं एकाच झाडात! त्या गृहस्थांनी झाडाचे इतके गुण सांगितले की ते स्थळ म्हणून आलं असतं तर आम्ही कुंदासाठी डोळे झाकून होकार दिला असता.

(कुंदा म्हणजे ही धाकटी बहीण. तिनं दोन स्थळं स्वतः नाकारली होती, त्यामुळे आमचे डोळे त्या काळात बहुतेक झाकलेलेच असायचे.)

शिबिरातून मी पिशवीभर बी आणलं. चपटं, तपकिरी, चकचकीत. वाफे केले, बी पेरलं, रोज पाणी घातलं. महिना झाला तरी एक कोंब दिसेना. बी खराब निघालं असं मी जाहीर केलं आणि उरलेलं रागानं मोरीच्या मागच्या बाजूला फेकून दिलं. तिथं मोरीचं पाणी जायचं. आठवड्याभरात त्या चिखलात सुबाभळीचं गवतासारखं रान उठलं! मी विचार केला, निरीक्षण केलं, बायकोच्या भाषेत सांगायचं तर ‘उगीच उकिडवे बसून राहिले’, आणि मग उलगडा झाला. सुबाभळीच्या बीचं कवच कठीण असतं, गरम पाण्याशिवाय ते मऊ पडत नाही. हा शोध मी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितला. आई म्हणाली, “बंबातलं उरलेलं कढत पाणी रोज मीच ओतते तिथं.” शोधाचं श्रेय वाटून घ्यावं लागलं.

पुढं मात्र सगळं रीतसर झालं. पाणी उकळायचं, चुलीवरून उतरवायचं, मग त्यात बी टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. पाणी उतरवायच्या आधी बी टाकलं तर ते शिजतं (हेही मी करून पाहिलं आहे). सकाळी फुगलेलं बी निवडून गाळाची माती आणि शेणखत भरलेल्या दुधाच्या पिशव्यांत दोन-दोन टोचायचं. पिशव्यांना खाली भोकं पाडायची, नाहीतर मुळं कुजतात. बायको, शैला, सगळ्या गल्लीतून दुधाच्या रिकाम्या पिशव्या गोळा करायची. एकदा तिनं एका घरची भरलेली पिशवीही उचलून आणली. ती परत देताना तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते तिनं मला व्याजासकट ऐकवलं. पहिला पाऊस पडला की रोपं हात-हात अंतरावर जमिनीत लावायची. एवढं केलं की माणसाचं काम संपतं आणि झाडाचं सुरू होतं.

झाडानं काम फारच मनावर घेतलं. वर्षभरात कुंपण माझ्या डोक्यावर गेलं. कमरेएवढं छाटलं तर एका फांदीच्या चार झाल्या. शेंगा तडकून बी अंगणभर पडलं आणि आता त्याला गरम पाण्याचीही गरज उरली नाही. फरशीच्या फटीतून सुबाभूळ आली, तुळशीच्या कुंडीत आली, पडवीच्या पत्र्याच्या पन्हाळीत आली. आईनं एकदा विचारलं, “हे झाड थांबवायचं कसं, ते सांगितलं होतं का भाषणात?” ते सांगितलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंदाचं लग्न ठरलं. मुलगा देवळाली कॅम्पचा, विलास, पोस्टात नोकरीला, आणि कुंदानं पहिल्या भेटीतच होकार दिलेला. त्याचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी खेचरं आणि घोडी सांभाळण्यात गेलेली. घरी अजून त्यांनी एक म्हातारं तट्टू पाळलं होतं, ज्याच्यावर कुणी बसत नसे, उलट तेच तट्टूला फिरवून आणत. सुभेदारांनी सरळ सांगितलं, हुंडा नको, मानपान नको, भांडीकुंडी नको. एकच मागणं.

“नवरदेवाचा परण्या मांडवापर्यंत निघेल तो घोडीवरून,” ते म्हणाले, “आणि घोडी मी स्वतः पसंत करीन.”

आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये निवृत्तीतात्या राहायचे. त्यांचा टांगा होता आणि बिजली नावाची कुमैत घोडी. अंग तांबूस, आयाळ आणि शेपटी काळीभोर. नाव बिजली असलं तरी ती कधी चमकली नाही. स्टेशनपर्यंत जायला तिला एवढा वेळ लागे की पॅसेंजर गाठायची तर माणसं एक्स्प्रेसच्या वेळेला निघत. पण दिसायला देखणी. साखरपुड्याच्या दिवशी सुभेदारांनी बिजलीचे दात पाहिले, खूर पाहिले, अंगावरचे भोवरे पाहिले, आणि मग शेपटीवरून हात फिरवून म्हणाले, “हीच.” मुलीला पाहायला आले होते तेव्हा त्यांनी एवढा वेळ घेतला नव्हता.

आनंदाच्या भरात मी साखरपुड्याला आलेल्या प्रत्येकाच्या हातात नारळाऐवजी सुबाभळीचं एक-एक रोप ठेवलं. सुभेदारांना चांगली वीस रोपं दिली, वर जनावरांसाठी हा कसा उत्तम खुराक आहे यावर छोटंसं भाषणही दिलं. कुंदा आतून डोळ्यांनी ‘पुरे’ म्हणत होती. सुभेदारांनी रोपं मोजून घेतली आणि एका ओळीत, फौजेतल्यासारखी, लावली असं नंतर कळलं.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात होतं. दिवाळीनंतर मी बिजलीच्या तब्येतीची जबाबदारी घेतली. नाहीतरी छाटलेल्या पाल्याचे ढीग पडत होतेच. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी तिला एक भारा टाकायचो. बिजलीला तो पाला इतका आवडला की मला पाहिलं की ती मान हलवायची. तात्या म्हणायचे, “मास्तर, घोडी माझी हाय का तुमची, तेच कळंना.” तिच्या अंगावर तेज आलं. मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो.

संक्रांत झाली आणि शेपटीचे केस गळायला लागले. आधी चार-दोन, मग झुपक्यानं. आयाळही विरळ झाली. तात्यांनी नजर काढली, पायात काळा दोरा बांधला, टांग्याला लिंबू-मिरची लावली. मी शास्त्रीय दृष्टीचा माणूस. मी म्हटलं, अशक्तपणा असणार. पाला दुप्पट केला. होळीपर्यंत शेपटीच्या जागी एक कातडी दांडा उरला आणि त्याच्या टोकाला चार केस.

शेवटी आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला नीट तपासलं आणि विचारलं, “खायला काय देता?” मी अभिमानानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “गाईगुरांना बेताबेतानं चालतं हो. घोड्याला नाही द्यायचं. घोड्याचे केस जातात त्यानं.” बंद करा, केस परत येतील, असंही ते म्हणाले. कधी, असं मी विचारलं. घोड्याच्या शेपटीला घाई नसते, म्हणाले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. शैलानं कोयता आणून माझ्यासमोर ठेवला. आईनं सुचवलं, दुसरी घोडी पाहा. पण लग्नसराईत सगळ्या घोड्या आधीच ठरलेल्या, आणि समजा मिळाली तरी सुभेदारांनी बिजलीचे भोवरेसुद्धा पाठ केलेले. कुंदा म्हणाली, “त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, अण्णा. एकच.” ती रडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती उठून आत गेली.

त्यातून देवळालीकडचं वारंही बदललं होतं. आधी दर रविवारी विलास काहीतरी निमित्त काढून यायचा, तो येईना. एकदा सुभेदार स्वतः आले. आम्ही घाईघाईनं बिजलीला तात्यांच्या बहिणीकडे गावाला पाठवलेलं, विचारलं तर काय सांगायचं तेही घोकून ठेवलेलं. पण त्यांनी घोडीचं नावही काढलं नाही. चहा घेतला, कुंदाची पत्रिका पुन्हा पाहायला मागितली आणि मंगळाबद्दल काहीतरी विचारून परत गेले. मंगळ नव्हताच. ते गेल्यावर आई म्हणाली, “यांना कळलंय.” मलाही तसंच वाटलं. त्या आठवड्यात मी कुंपण मुळापासून तोडलं. (ते पावसात पुन्हा आलं, पण तो भाग वेगळा.)

उपाय शैलानं काढला. लग्नाला आलेल्या बायकांच्या पेट्यांत वेणीत गुंफायची केसांची गंगावनं होतीच. त्या काळी लग्नात जाडजूड वेणी नसेल तर बाईला काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. आयाळीचा प्रश्न नव्हता. तिच्यावर जरीची झूल आणि झेंडूच्या माळा येणार होत्या. शेपटीला मात्र केसच हवे होते. शैलाचं एक गंगावन, तिच्या बहिणीचं एक, आणि तरीही शेपटी एखाद्या शाळकरी मुलीच्या वेणीएवढीही दिसेना. तेव्हा शैलानं कळवणच्या सिंधूआत्याच्या पेटीतलं तिसरं काढलं. आत्या आंघोळीला गेली होती.

सिंधूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सबंध कळवणात आत्याच्या कमरेपर्यंतच्या वेणीचा लौकिक होता, आणि त्या वेणीतला वरचा वीतभर भाग तेवढा आत्याचा होता. गंगावनाला तिनं स्वतः विणलेला हिरवा रेशमी गोंडा होता. शैलानं तो काढायला हवा होता. तिचं म्हणणं, तो मी काढायला हवा होता. तात्यांनी तिन्ही गंगावनं काळ्या दोऱ्यानं बिजलीच्या दांड्याला बांधली, चार पावलं मागं सरकले आणि म्हणाले, “पयल्यापरीस लय झाक दिसती.” खरोखरच दिसत होती. हिरवा गोंडासुद्धा शोभून दिसत होता.

मारुतीच्या देवळाजवळून परण्या निघाला. सुभेदारांनी बिजलीच्या मानेवर थाप मारली, पण शेपटीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. सुभेदारीणबाईंचा चेहरा तर लग्नाला आल्यासारखा नव्हताच. विलास घोडीवर ताठ बसला होता. बँड पुढं, घोडी मध्ये, आणि घोडीच्या अगदी मागं मी. शेपटीवर कुणाची नजर जाऊ नये म्हणून मी तिच्यापासून हातभर अंतरावर चालत होतो. घोडीच्या इतक्या मागं शहाणा माणूस चालत नाही. बघणाऱ्यांना वाटलं, नवरीच्या भावाला भारीच हौस.

मांडवाच्या दाराशी घोडी थांबली. ओवाळायला बायका उभ्या होत्या. त्यांत सिंधूआत्या, डोक्यावर पदर घट्ट ओढून, सकाळपासून कुणाशी न बोलता. तिच्या हातात ताट होतं. तिनं नवरदेवाला ओवाळलं, घोडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तेवढ्यात एक माशी बिजलीच्या पाठीवर बसली. बिजलीनं शेपटी उडवली. हिरवा गोंडा आत्याच्या डोळ्यांसमोरून गेला.

आत्यानं ताट शैलाच्या हातात दिलं. शांतपणे घोडीच्या मागं आली, गोंडा हातात धरला, निरखून पाहिला आणि एक हिसका दिला. तिन्ही गंगावनं एकदम सुटून तिच्या हातात आली. बँड कुणी थांबवला कोण जाणे, पण थांबला.

“माझं गंगावन,” आत्या म्हणाली, “घोडीला?”

एवढं बोलल्यावर आपण सगळ्या लग्नघरासमोर काय कबूल केलं हे तिच्या लक्षात आलं. तिनं ते सगळे केस माझ्या हातात कोंबले, जणू ते माझेच होते, आणि पदर सावरत मांडवात निघून गेली. समोर बिजलीची खरी शेपटी उघडी पडली होती. वाळलेल्या दोडक्यासारखी. कुठंतरी फोटोग्राफरनं बटण दाबल्याचा आवाज झाला.

सुभेदार जवळ आले. त्यांनी शेपटी हातात घेतली, टोकापासून मुळापर्यंत पाहिली, आयाळीवरच्या माळा बाजूला केल्या, तिथंही पाहिलं. मी मनात लग्न मोडलेलं, कुंदा आत पाटावर बसलेली, पंगती उठलेल्या, सगळं पाहून घेतलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “हिला काय चारलंत?”

“सुबाभूळ,” मी म्हणालो. मग राहवलं नाही, सगळंच सांगून टाकलं. डॉक्टरांचं, पाल्याचं, दुप्पट पाल्याचं. म्हटलं, चूक सगळी माझी, कुंदाला शिक्षा नको.

सुभेदारांनी फेटा थोडा मागं सरकवला, सुभेदारीणबाईंकडे वळले आणि परेडवर देतात तशा आवाजात म्हणाले, “ऐकलं? सून नव्हे. झाड!”

आम्हाला काहीच कळेना. कळलं ते असं की सुभेदारांनी माझ्या रोपांचा पाला त्यांच्या लाडक्या तट्टूला रोज प्रेमानं घातला होता आणि तट्टू लग्नाच्या दोन महिने आधीच पार बोडकं झालं होतं. सोयरीक जमली आणि घरातल्या मुक्या जनावराला ही कळा आली, तेव्हा मुलीचा पायगुणच वाईट, असं सुभेदारीणबाईंनी धरलं. पत्रिका त्यासाठीच पाहिली होती. विलासला यायला त्यासाठीच मनाई होती. तो ऐकेना, म्हणून लग्न कसंबसं इथवर आलं होतं, पण कुंदा त्या घरात जाण्याआधीच तिच्या नावावर एक तट्टू जमा झालं होतं. ते जन्मभर उतरलं नसतं. म्हणजे इतके दिवस इकडे आम्ही आमची बोडकी घोडी लपवत होतो आणि तिकडे ते त्यांचं बोडकं तट्टू!

सुभेदारीणबाई पुढं झाल्या. बिजलीची शेपटी त्यांनी एकदा पाहिली, मला दोनदा पाहिलं. मग आत गेल्या आणि कुंदाच्या शेजारी जाऊन बसल्या. शैलानं नंतर सांगितलं, त्यांनी कुंदाच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “तुझ्या भावानं तुला काही खायला नाही ना घातलं?” कुंदा तेव्हा पहिल्यांदा हसली. मी मांडवाच्या खांबाआड जाऊन डोळे पुसले, तेही हातात होतं त्यानंच.

विलास उघड्या शेपटीच्या घोडीवरून उतरला, अक्षता पडल्या, बँड पुन्हा सुरू झाला. सिंधूआत्या जेवली, पण माझ्याशी पुढची दोन वर्षं बोलली नाही. बिजलीची शेपटी दसऱ्यापर्यंत परत आली, तट्टूचे केस त्याच्या वयाच्या मानानं बरेच आले. वाईट पायगुणाचा आरोप कुंदावरून उतरला तो कायमचा, पण आरोप एकदा घरात आला की त्याला राहायला जागा लागते. त्यामुळे देवळालीला अजून दूध नासलं, नळ गेला, मांजर व्यायलं नाही, तरी पहिला प्रश्न हाच असतो की अण्णा येऊन गेले होते का.

कुंदाच्या घरी बैठकीत लग्नाचा एकच फोटो मोठा करून लावलेला आहे. सुभेदारांनी स्वतः निवडला. नवरदेव आहे, घोडी आहे, पाठमोरी जाणारी आत्या आहे. नवीन पाहुणा आला की तो घोडीकडे पाहतो, थांबतो आणि विचारतो, हिची शेपटी कुठं आहे? मग घरातलं कुणीतरी उठून काचेवर बोट ठेवून दाखवतं. शेपटी फोटोत आहे. हिरव्या गोंड्यासकट, माझ्या हातात.